एक होकार, एक अट, एक प्रतीक्षायादी: परदेशी विद्यापीठांना उत्तर कसे द्यावे

प्रश्न असा आहे. नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या आठव्या सत्रात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशात पाच ठिकाणी अर्ज केले होते. मार्चअखेर तिच्या हाती आलेले निर्णय पुढीलप्रमाणे आहेत. अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाने प्रवेश दिला आहे, मात्र आर्थिक साहाय्य दिलेले नाही, आणि १५ एप्रिलपर्यंत २५० डॉलर भरून होकार कळवण्यास सांगितले आहे. इंग्लंडमधील एका विद्यापीठाने ६० टक्क्यांच्या अटीवर प्रवेश देऊ केला असून ३१ मेपर्यंत ३,००० पौंड अनामत मागितली आहे. अमेरिकेतील दुसऱ्या विद्यापीठाने, जे तिच्या यादीत पहिले होते, प्रतीक्षायादीत ठेवले आहे. एकाने नकार कळवला आहे, आणि जर्मनीतील अर्जाचे उत्तर जुलैपूर्वी येण्याची शक्यता नाही. एजंट म्हणतात की दोन्हीकडे पैसे भरून जागा धरून ठेवा. बाबांना ते पटत नाही. कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत कळवावे, असे तिने विचारले आहे.

तुमच्या बाबांचे म्हणणे बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पैसे एकाच ठिकाणी भरावेत आणि बाकीच्यांना स्पष्ट, लेखी उत्तर द्यावे. ते ठिकाण कोणते, हे ठरवताना मात्र पत्रावर छापलेल्या तारखेकडे पाहत बसू नका. ती तारीख विद्यापीठाने आपल्या सोयीने ठरवलेली असते. तुमची खरी मुदत आपल्या विद्यापीठाचा निकाल, बँकेची मंजुरी आणि व्हिसाची मुलाखत या तीन गोष्टी ठरवतात. धरमपेठेतल्या माझ्या छोट्या कार्यालयात गेल्या वीस वर्षांत ज्यांचे नुकसान झालेले मी पाहिले, त्यांतील बहुतेकांना प्रवेश मिळालेला होता. त्यांचे बिघडले ते प्रवेश मिळाल्यानंतरच्या दोन महिन्यांत.

आलेले प्रत्येक पत्र प्रथम पासपोर्ट शेजारी ठेवून वाचावे. आपल्याकडील गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोन वेगळे रकाने असतात. परदेशातील कार्यालयीन कर्मचारी गुणपत्रिकेवरील शेवटचा शब्द आडनाव समजून टाकतो, आणि मुलीचे प्रवेशपत्र वडिलांच्या नावाला आडनाव करून येते. हे हास्यास्पद वाटले तरी गंभीर आहे, कारण व्हिसासाठी विद्यापीठ देते तो दाखला, मग तो अमेरिकेचा आय-२० असो की इंग्लंडचा कॅस, त्यावरील नाव पासपोर्टशी जुळले पाहिजे. होकार कळवतानाच त्याच ई-मेलमध्ये दुरुस्ती मागितली तर ती दोन दिवसांत होते. जूनमध्ये मागितली तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख हातची जाऊ शकते.

दुसरी गोष्ट, पत्र नक्की कोणाकडून आले आहे ते पाहावे. अमेरिकेत बऱ्याचदा विभागाकडून अभिनंदनाचा ई-मेल येतो आणि त्यात तुमच्या नावाची प्रवेशासाठी शिफारस केली आहे असे लिहिलेले असते. ती शिफारस असते. अधिकृत प्रवेश ग्रॅज्युएट स्कूलच्या, म्हणजे विद्यापीठाचे पदव्युत्तर प्रवेश पाहणाऱ्या कार्यालयाच्या, पत्राने होतो आणि ते पत्र पोर्टलवर दिसते. या पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे आहे ना? विचारण्याचे कारण असे, की काही एजंट विद्यार्थ्याच्या नावाने स्वतःच ई-मेल खाते उघडतात आणि विद्यापीठाची पत्रे त्यांच्याकडेच जातात. २०२३ मध्ये कॅनडात कित्येक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे उघड झाले आणि वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या मुलांवर देश सोडण्याची वेळ आली. त्यानंतर कॅनडाने १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची थेट विद्यापीठाकडून पडताळणी सुरू केली. त्या मुलांपैकी अनेकांचे म्हणणे होते की पत्र त्यांनी स्वतः विद्यापीठाकडून कधी घेतलेच नव्हते. तुमचे एजंट प्रामाणिक असतील, पण पासवर्ड आजच स्वतःकडे घ्या.

एजंटांविषयी आणखी एक सांगणे भाग आहे, कारण हा माझ्याही व्यवसायाचा भाग आहे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठे विद्यार्थी प्रत्यक्ष दाखल झाल्यावर एजंटाला कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही. मात्र 'अनामत लवकर भरून टाका' हा सल्ला देणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि ते विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता अटींकडे वळू, कारण नागपूरच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण येथे असते. इंग्लंडच्या पत्रात ६० टक्के असे लिहिले आहे, पण आपल्याकडे निकाल श्रेणी आणि सीजीपीए यांत लागतो. टक्केवारी कोणत्या सूत्राने काढणार, आपल्या विद्यापीठाचे सूत्र मान्य आहे का, आणि साठ टक्के संपूर्ण पदवीचे की शेवटच्या वर्षाचे, हे तिन्ही प्रश्न आजच ई-मेलने विचारा. फोनवर मिळालेल्या उत्तराचा पुढे काही उपयोग होत नाही. त्याच पत्रात उन्हाळी परीक्षेचे वेळापत्रक जोडा आणि निकाल जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्येही लागू शकतो हे मोकळेपणाने सांगा. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते. तोपर्यंत आठव्या सत्राची गुणपत्रिका आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र चालेल का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी चालते, पण त्यांच्याकडून ते लेखी आलेले असावे. एखादा विषय राहिलेला असेल तर तो लपवू नका. पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर दिलेला होकार फार महागात पडतो.

इंग्लंडच्या बाबतीत निकाल उशिरा लागण्याचे परिणाम साखळीसारखे पुढे सरकतात. अट पूर्ण झाल्याशिवाय कॅस मिळत नाही आणि कॅसशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. देशाबाहेरून केलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जावर साधारणपणे तीन आठवड्यांत निर्णय होतो, आणि वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होतात. शिवाय शुल्काची उरलेली रक्कम आणि राहण्याचा ठरवून दिलेला खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस अर्ज करायचा असेल तर जुलै संपण्यापूर्वीच पूर्ण रक्कम बँकेत पडलेली हवी, आणि तेव्हा तुमचा निकाल लागलेला असेलच असे नाही. शेअर आणि भविष्यनिर्वाह निधी यांची रक्कम येथे धरली जात नाही. पैसे आईवडिलांच्या खात्यात असले तरी चालतात, पण नाते सिद्ध करणारा जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र लागते. महापालिकेच्या जुन्या दाखल्यांवर अनेकदा मुलीचे नावच नोंदलेले नसते, केवळ आईवडिलांची नावे असतात. तुमचा दाखला आज कपाटातून काढून पाहा. क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणि विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार हेही याच हिशेबात धरायचे आहेत.

अमेरिकेच्या पत्रातील अट तुलनेने सौम्य असते. अंतिम गुणपत्रिका आणि पदवीचा पुरावा पहिल्या सत्रात सादर करावा असे तेथील विद्यापीठे बहुधा म्हणतात आणि तोपर्यंत आय-२० अडवून ठेवत नाहीत. म्हणून निकालाच्या अनिश्चिततेचा विचार केला तर तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला अमेरिकेचा मार्ग वेळेच्या दृष्टीने सुरक्षित आहे. पैशांच्या दृष्टीने तसे म्हणता येणार नाही, आणि त्यासाठी थोडे थांबून हिशेब केला पाहिजे.

आय-२० साठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. कुटुंबे तेवढाच आकडा डोळ्यांपुढे ठेवतात आणि दुसरे वर्ष देवावर सोडतात. तसे करू नका. एका कागदावर दोन्ही वर्षांचे शुल्क, राहणे, विमा, प्रवास, सेव्हिस या अमेरिकेच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीचे ३५० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर आणि रुपयाची घसरण गृहीत धरून काही टक्के अधिक लिहा. दुसऱ्या रकान्यात इंग्लंडच्या एका वर्षाचा खर्च लिहा. एका वर्षाचा अभ्यासक्रम स्वस्त दिसतो, पण त्यानंतर नोकरी शोधण्यास मिळणारा काळही पाहावा लागतो. शिक्षणानंतर काम करू देणाऱ्या इंग्लंडच्या ग्रॅज्युएट रूट व्हिसाखाली १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळणार आहेत. अमेरिकेत संगणकशास्त्रासारख्या विषयांना १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर, म्हणजे पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीनंतर, आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. तरीसुद्धा कर्जाचा हिशेब या काळातील पगारावर बेतू नये असे माझे ठाम मत आहे. ती नोकरी मिळाली नाही आणि मुलगी नागपूरला परत आली, तर हप्ता कोण आणि कशातून भरणार, या प्रश्नाचे उत्तर घरात मिळत असेल तरच पुढे जावे.

आर्थिक साहाय्य दिलेले नाही याचा अर्थ ते कधीच मिळणार नाही असा होत नाही. प्रवेश मिळाल्यानंतर विभागाच्या समन्वयकाला, अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाच्या जागा केव्हा ठरतात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्या मिळतात का, असे सरळ विचारता येते. कित्येक सरकारी विद्यापीठांत अशा जागेसोबत शुल्कातही मोठी सवलत असते. एफ-१ या अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. मात्र वसतिगृहाच्या खानावळीत वा ग्रंथालयात मिळणाऱ्या तासांच्या पैशांतून शुल्क भरले जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका; त्यातून फार तर किराणा निघतो.

बँकेचे काम या आठवड्यात सुरू झाले पाहिजे. तारण द्यावे लागणारे कर्ज असेल तर माझ्या अनुभवात तीन ते सहा आठवडे सहज जातात आणि तो वेळ तुमच्या कागदपत्रांपेक्षा घराच्या कागदपत्रांत अधिक जातो. प्लॉट सुधार प्रन्यासाच्या मंजूर लेआउटमधला आहे की गुंठेवारीत नियमित झालेला, आरएल पत्र (नियमितीकरणाचे पत्र) आहे का, अकृषक आदेश आहे का, आजोबांच्या नावावरून वारसांची नोंद झाली आहे का, हे प्रश्न बँकेचे वकील विचारणारच. शेती तारण म्हणून बहुधा स्वीकारली जात नाही, त्यामुळे काटोल वा उमरेडकडे दहा एकर असले तरी त्याचा येथे उपयोग नाही असे समजून चाला. बाबांना हेही सांगा, की मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर) लागत नाही, तर स्वतःच्या पैशांतून पाठवल्यास आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर तो कापला जातो. तो कर प्राप्तिकर विवरणपत्रात परत मिळवता येतो, पण ऐन जुलैत ती रक्कम अडकून पडते.

तुम्ही किंवा तुमचे वर्गमित्र अनुसूचित जातीचे असतील तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती यांच्यासाठी विनाशर्त प्रवेशपत्र लागते, ही गोष्ट वेळीच लक्षात घ्यावी. 'अंतिम गुणपत्रिका सादर करण्याच्या अधीन राहून' असे एक वाक्यही अडचणीचे ठरू शकते. अशा वेळी विद्यापीठाला शिष्यवृत्तीचे नाव आणि नियम सांगून सुधारित पत्र मागावे. निकाल लागल्यावर लगेच ते देण्याची तयारी बहुतेक विद्यापीठे दाखवतात. दोन्ही योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीचाही निकष असतो, म्हणून होकार देण्यापूर्वीच तो तपासावा.

१५ एप्रिल या तारखेविषयी बराच गैरसमज आहे. अमेरिकेतील काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा एक ठराव आहे आणि त्यावर अनेक विद्यापीठांनी सह्या केल्या आहेत. त्यानुसार फेलोशिप, साहाय्यकाची जागा अशा आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते, आणि आधी दिलेला होकार त्या तारखेपर्यंत लेखी मागे घेता येतो. आर्थिक साहाय्य नसलेल्या प्रवेशाला हा ठराव लागू होत नाही. तुमच्या पत्रावर तीच तारीख असली तरी तो त्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम आहे, आणि म्हणूनच मुदतवाढ मागता येते. 'बँकेची मंजुरी या तारखेला अपेक्षित आहे, म्हणून उत्तरासाठी दोन आठवडे मिळावेत' असे लिहिले तर अनेकदा होकार येतो. कारण खरे आणि तारीख निश्चित हवी. नुसते 'आणखी थोडा वेळ द्या' असे लिहिले तर उत्तरही येत नाही. आणि वेळेचा फरक विसरू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटे होतात तेव्हा नागपुरात १६ तारखेचे सकाळचे साडेनऊ वाजत आलेले असतात. मुदत सायंकाळी पाचची असेल, तर तीच वेळ आपल्याकडे मध्यरात्रीनंतर अडीचची होते. बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारासाठी चालू केलेले नव्हते म्हणून मध्यरात्री हताश बसलेली मुले मी पाहिली आहेत. कार्ड आदल्या आठवड्यात तपासून ठेवा.

दोन ठिकाणी अनामत भरण्याला माझा विरोध आहे. पैशांचे नुकसान हे त्याचे लहान कारण. ३,००० पौंड परत मिळतील का, हे अनामतीच्या नियमांत असते, आणि बहुतेक ठिकाणी व्हिसा नाकारला गेला किंवा अट पूर्ण झाली नाही तरच ती परत मिळते. 'मी दुसरीकडे जात आहे' हे कारण सहसा चालत नाही. मोठे कारण असे, की दोन दगडांवर पाय ठेवलेला विद्यार्थी दोन्हीकडच्या कामांना अर्धाच वेळ देतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अमेरिकेतील दोन विद्यापीठांना होकार दिला, दोन्हींचे आय-२० मागवले, आणि एकाच्या आय-२० वर व्हिसा घेतल्यावर त्याचे मन दुसऱ्याकडे वळले. दोन आय-२० हाती असणे हा गुन्हा नाही, आणि व्हिसापूर्वी सेव्हिस शुल्क एका क्रमांकावरून दुसऱ्यावर वळवताही येते. पण व्हिसा मिळाल्यानंतर, ज्या संस्थेच्या नावावर तो घेतला तेथे न जाता दुसरीकडे जाणे म्हणजे विमानतळावरील अधिकाऱ्याला संशय घेण्यास स्वतःहून कारण देणे. त्या मुलाला पहिल्या विद्यापीठाकडून सेव्हिस नोंद दुसरीकडे वर्ग करून घेण्यात संपूर्ण जुलै गेला. उड्डाण दोनदा बदलावे लागले, आणि पहिल्या विद्यापीठातील जागा शेवटपर्यंत कोणालाच मिळाली नाही. ती जागा कदाचित नागपूरच्याच, प्रतीक्षायादीत बसलेल्या दुसऱ्या मुलीची असती. तुम्ही स्वतः आज एका प्रतीक्षायादीत आहात, म्हणून हे तुम्हाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

होकार पोर्टलवर बटण दाबून दिला तरी प्रवेश कार्यालयाला चार ओळींचे पत्र पाठवावे: अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम, कोणत्या सत्रापासून, शुल्क भरल्याची तारीख, आणि आय-२० किंवा कॅससाठी कोणती कागदपत्रे केव्हा पाठवणार. नकाराचे पत्र याहूनही लहान असावे. इंग्रजीत ते जाईल, आशय एवढाच: 'आपण मला प्रवेश देऊ केलात याबद्दल आभारी आहे. विचारांती मी दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचे ठरवले आहे, म्हणून माझी जागा कृपया मोकळी करावी.' दुसऱ्या विद्यापीठाचे नाव सांगण्याची सक्ती नाही. तसे विचारणारा अर्ज आला तर सांगावे. वडिलांच्या प्रकृतीसारखी खोटी कारणे लिहू नयेत. एखाद्या प्राध्यापकाने तुमच्यासाठी वेळ काढून ऑनलाइन चर्चा केली असेल, तर त्यांना स्वतंत्र पत्र जावे. संशोधनाची क्षेत्रे लहान असतात आणि पुढे पीएचडीच्या वेळी तीच माणसे भेटतात.

प्रतीक्षायादीला उत्तर द्यायचे असते, हे अनेकांना ठाऊकच नसते. पोर्टलवर 'प्रतीक्षायादीत राहू इच्छिता का' असा पर्याय असेल तर तो निवडला नाही तर नाव आपोआप गळते. त्यानंतर एकच पत्र पाठवावे, एका पानाच्या आत: प्रवेश मिळाल्यास मी येईन, आणि अर्जानंतर माझ्याकडे नवे काय झाले. सातव्या सत्राचा निकाल, प्रकल्पाचे पूर्ण झालेले काम, एखाद्या परिषदेत स्वीकारला गेलेला शोधनिबंध, असे काही. 'येईन' हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. दर आठवड्याला विचारणा करणे, वडिलांकडून ई-मेल पाठवणे, ओळखीच्या कोणा मोठ्या माणसाचे शिफारसपत्र मिळवणे यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. याद्या १५ एप्रिलनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत हलतात, कारण त्या वेळी इतरांचे नकार कळतात. म्हणून प्रवेश दिलेल्या अमेरिकी विद्यापीठाला होकार देऊन प्रतीक्षायादीत राहणे योग्य आहे, त्यात अप्रामाणिकपणा नाही; प्रतीक्षायादीतून बोलावणे आले तर होकार दिलेल्या विद्यापीठाला त्याच दिवशी कळवावे आणि २५० डॉलर गेले असे समजावे. मात्र स्वतःसाठी एक शेवटची तारीख ठरवा. मी तुमच्यासाठी ३१ मे ठरवीन. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईत बोटांचे ठसे आणि वाणिज्य दूतावासातील मुलाखत अशा दोन भेटी लागतात, उन्हाळ्यात तारखा मिळणे कठीण असते, विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोचे आरक्षण त्याहून कठीण. जूनच्या मध्यावर आय-२० बदलून पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्यात शहाणपण नाही.

जर्मनीसाठी अमेरिकेचे उत्तर थांबवून ठेवता येणार नाही. तेथील हिवाळी सत्राच्या अनेक अभ्यासक्रमांची अर्जाची मुदतच १५ जुलैला संपते, त्यामुळे निर्णय ऑगस्टमध्येही येतात. पण खर्चाच्या कागदावर जर्मनी सर्वात स्वस्त ठरत असेल, आणि बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्याने तो ठरतोच, तर अमेरिकेला आत्ताच नम्र नकार द्यावा आणि संपूर्ण भार जर्मनीवर टाकावा. तेवढे धैर्य नसेल तर जर्मनीचा विचार या वर्षापुरता सोडावा. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (भारतीय पदव्यांच्या जर्मन पडताळणीचा दाखला) आवश्यक झाले आहे आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. एपीएस अजून हाती नसेल तर हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलेला आहे.

प्रवेश पुढील सत्रावर ढकलण्याची विनंती करता येते, पण ती होकारानंतर आणि सबळ कारणानेच करावी: व्हिसा नाकारला, निकाल लागला नाही, घरात आजारपण आले. व्हिसा अमेरिकी कायद्याच्या कलम २१४(ब) खाली, म्हणजे मायदेशी परतण्याचा हेतू पटला नाही म्हणून, नाकारला गेला तर त्याच दिवशी विद्यापीठाला कळवावे आणि उशिरात उशिरा कोणत्या तारखेपर्यंत दाखल होता येईल ते विचारावे. प्रवेश पुढे सरकला तरी आर्थिक साहाय्य बहुधा सोबत सरकत नाही. जीआरईचे गुण पाच वर्षे चालतात, आयईएलटीएस आणि टोफेलचे दोनच वर्षे, हेही लक्षात असू द्यावे.

ज्यांनी नकार कळवला, त्यांना उत्तर देण्याची आवश्यकता नाही. अर्जात नोंदीची चूक झाली असेल, म्हणजे एखादी गुणपत्रिका पोहोचलीच नाही असे काही, तर ते दाखवून फेरविचार मागता येतो. 'माझ्यापेक्षा कमी गुणांच्या मैत्रिणीला मिळाला' हे फेरविचाराचे कारण होत नाही. तिचा अर्ज तुम्ही वाचलेला नाही.

राहिले आपल्या गावातले लोक. ज्या तीन शिक्षकांनी तुमच्यासाठी शिफारसपत्रे लिहिली, त्यांनी प्रत्येक पोर्टलवर वेगळा अर्ज भरला आहे, बहुधा रात्री घरी बसून. निर्णय झाल्यावर त्यांना प्रत्यक्ष भेटून सगळे निकाल सांगा, नकारही सांगा. परीक्षा विभागातील ज्या बाबूंनी तुमच्या ट्रान्सक्रिप्टची पाकिटे बंद करून, शिक्के मारून दिली, त्यांनाही सांगा. ऑगस्टमध्ये आठव्या सत्राच्या गुणपत्रिकेसाठी तुम्हाला त्याच खिडकीपाशी पुन्हा उभे राहायचे आहे.